तारेतला दोरा, तारेतला खिळा

माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्या चढू लागले की देवीच्या आधी आवाज भेटतात. दोन्ही बाजूंच्या दुकानांतून विडा कुटला जात असतो. खलबत्त्यात पान, कात, सुपारी पडते आणि बत्त्याचा ठक्‌ठक्‌ असा ठेका सुरू होतो. प्रत्येक दुकानाची लय वेगळी. कुणी घाईत, कुणी संथ, कुणाचा खल दगडी, कुणाचा लोखंडी. त्यात घंटांचा नाद, बांगड्यांच्या दुकानातली किणकिण आणि वरच्या अंगाला कुठे तरी एखाद्या गोंधळ्याचा संबळ. भाविकाचे लक्ष देवीच्या मुखातल्या विड्याकडे असते, त्यामुळे हे आवाज तो ऐकतो, पण ऐकले असे त्याला वाटत नाही.

या पायऱ्यांवर, कठड्याला टेकून, मी एका जर्मन माणसाचा पियानो ऐकला. पुण्याचा भाचा कुलदैवताच्या दर्शनाला आला होता. दम खायला थांबलो तेव्हा त्याने मोबाइलला जोडलेले ते बोंडूक माझ्या कानात घातले आणि म्हणाला, "मामा, ओळखा बरं काय वाजतंय." मी ऐकू लागलो. लाकडावर लाकूड आपटत होते, पत्र्याची डबी खुळखुळत होती, मध्येच तुणतुण्यासारखे काही तरी टणत्कारत होते आणि या सगळ्याखालून एक साधी, थोडी उदास धून वाहत होती. जावाबेटाकडचा वाद्यमेळ असावा, असे उत्तर मी दिले. पाच-सहा माणसे तरी असतील, असेही वर सांगितले. भाचा हसला. माणूस एकच होता आणि वाद्यही एकच. फोल्कर बेर्टेलमान नावाचा, 'हाउश्का' या टोपणनावाने वाजवणारा हा कलावंत. 'द प्रिपेअर्ड पियानो' ही त्याची एकट्याची ध्वनिमुद्रिका २००५ मध्ये निघाली.

मुद्रिकेतले सगळे तुकडे मला आवडले असे नाही. काही ठिकाणी गंमत लवकर संपते आणि खेळणे चालूच राहते. पण त्या दिवशी पायऱ्या उतरताना विडा कुटण्याचा आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. हे काम त्या मुद्रिकेचे. म्हणून तिच्याविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्या घरच्या वाद्यांविषयी, थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

'प्रिपेअर्ड' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'तयार' म्हणावे तर आपल्याकडे तयारी असते गवयाची. 'तयारीचा गायक' म्हटले की काय ते समजते. इथे तयारी वाद्याची आहे. पूजेचे साहित्य जसे सिद्ध करतात तसा हा सिद्ध केलेला पियानो, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. पियानोच्या पोटात काय असते हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. हिंदी सिनेमात नायक त्याच्यापुढे बसून गातो, तेवढीच आपली ओळख. पट्टी दाबली की आतली नमद्याने मढवलेली एक हातोडी उडते आणि तारेवर आदळून मागे येते. बहुतेक स्वरांना एका सुरात लावलेल्या तीन-तीन तारा असतात. आता या तारांच्या मध्ये एखादा बोल्ट अडकवला, रबराचा तुकडा सरकवला किंवा बाटलीचे झाकण ठेवले, तर पट्टी तीच, हातोडी तीच, पण आवाज भलताच. बोल्टने घंटेसारखा घोगरा नाद येतो, रबराने डफावर थाप पडल्यासारखा आवाज बसतो आणि सुटा वायसर असेल तर तो तारेवर नाचत राहतो. हाउश्का तर पिंगपाँगचे चेंडूसुद्धा टाकतो, आणि ते वाजवता वाजवता उडतात. वाजवून झाले की सगळे काढून घ्यायचे. पियानो पुन्हा होता तसा.

ही युक्ती त्याची नव्हे. तिचा जनक अमेरिकेचा जॉन केज (१९१२–१९९२). गोष्ट अडचणीतून जन्मली, म्हणून ती सांगण्यासारखी आहे. सिएटल शहरातल्या कॉर्निश स्कूलमध्ये केज नृत्याच्या वर्गासाठी संगीत करीत असे. सिव्हिला फोर्ट नावाच्या नर्तिकेला आपल्या आफ्रिकी धाटणीच्या नृत्यासाठी संगीत हवे होते. अशा नृत्याला तालवाद्यांचा ताफा हवा. पण रंगमंचाजवळ जागा एवढी चिंचोळी की ताफा बसणार कुठे? एक पियानो तेवढा मावत होता. केजने आधी तारांवर एक ताटली ठेवली. ती उड्या मारू लागली. खिळा ठेवला, तो घसरला. मग तारांच्या मध्ये स्क्रू आणि बोल्ट अडकवले, ते टिकले. एका पियानोत सगळा ताफा बसला. त्या रचनेचे नाव 'बाकानाल'. पूर्वी तिचे साल १९३८ सांगत, आता १९४० मानतात. केजचे गुरू हेन्री कॉवेल यांनी त्याआधीच, १९२० नंतरच्या दशकात, पियानोच्या तारा थेट बोटांनी छेडून आणि घासून रचना केल्या होत्या. म्हणजे शिष्याला ही बुद्धी आकाशातून सुचली नव्हती. पियानोचे झाकण उघडून आत हात घालायला हरकत नसते, हे त्याने गुरूकडे पाहिलेले होते.

पुढची हकीगत मात्र आपल्या अंगणातली. १९४६ मध्ये अहमदाबादच्या सुप्रसिद्ध साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर परिणाम होऊ लागला आहे, तर ते संगीत मुळात आहे तरी काय हे समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू. त्यांची केजशी गाठ पडली आणि देवाणघेवाण ठरली: त्याने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचे, त्यांनी त्याला भारतीय. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. संगीत कशासाठी, असे केजने विचारले तेव्हा गीताबेननी आपल्या गुरूंचे म्हणणे सांगितले की, मन शांत व्हावे आणि वरून येणारे काही ग्रहण करायला ते मोकळे व्हावे, यासाठी. केजने ही गोष्ट जन्मभर सांगितली. त्याच सुमारास तो आनंद कुमारस्वामींची पुस्तके वाचत होता. त्या वाचनातून त्याला रससिद्धान्त भेटला. १९४६ ते १९४८ या काळात त्याने सिद्ध पियानोसाठी जी मोठी रचना केली, ती 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', सोळा सोनाटा आणि चार मध्यांतरे. आपल्या शृंगार-वीर-करुणादी रसांचा आणि त्यांच्या शांतरसाकडे जाण्याच्या ओढीचा शोध घ्यावा, या हेतूने तो ती रचत होता. पंचेचाळीस स्वरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर, प्लॅस्टिक कुठे आणि किती अंतरावर ठेवायचे, याचा तक्ताच त्याने स्वरलिपीला जोडला आहे. नुसती मांडामांड करायला दोन-तीन तास लागतात. भरतमुनींचे रस आणि हार्डवेअरच्या दुकानातले सामान अशी ही जोडी!

आता आपल्याकडच्या बहुतेकांची या प्रकारावरची प्रतिक्रिया काय असते, हे मला ठाऊक आहे, कारण माझी पहिली प्रतिक्रिया तीच होती. वाद्याची ही विटंबना कशाला? सरस्वतीच्या हातातल्या वस्तूत खिळे कसले घुसवता? आणि यात साधना कुठे आहे? भाच्याला मी हे बोलून दाखवले. तो मात्र वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हता. "तुमच्या तंबोऱ्यातला दोरा मग काय असतो?" एवढेच म्हणून तो नारळ घ्यायला गेला.

हा दोरा डोक्यात अडकून बसला. तंबोऱ्याची घोडी सारंगीसारखी किंवा व्हायोलिनसारखी धारदार नसते. ती रुंद आणि किंचित उताराची असते. तार तिच्यावर टेकत टेकत जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक बारीक दोरा सरकवतात आणि तो केसाएवढा मागे-पुढे करीत राहतात. एका क्षणी मुका असलेला सूर उघडतो, भुंग्यासारखा गुंजारव करू लागतो, आणि त्या एका तारेतून तिने न वाजवलेले गंधारासारखे स्वर ऐकू येऊ लागतात. हीच जवारी. व्हायोलिन बनवणाऱ्या युरोपीय कारागिराला विचाराल तर तार अशी झणझणणे म्हणजे वाद्यात दोष. तो दुरुस्तीला घेईल. आपल्या पूर्वजांनी तो दोष पकडून ठेवला, त्याला दोऱ्याने वेसण घातली आणि त्यावर अख्खी गायकी उभी केली. चंद्रशेखर वेंकट रामन यांना या दोऱ्याचे एवढे कुतूहल वाटले की, त्यांनी १९२१ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. तार एखाद्या ठिकाणी छेडली की ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू तिथे येतो, तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रातला जुना नियम. पण दोरा लावलेल्या तंबोऱ्यात तो ऐकू येतो, असे रामन यांनी दाखवले. त्याआधी वर्षभर, १९२० मध्ये, त्यांनी मृदंगाच्या शाईवर असेच लिहिले होते. चामड्यावर लोहचूर्णाचा तो काळा लेप मधोमध जाड आणि कडेला पातळ चढवल्यामुळे एरवी नुसता धबधबणारा चर्मवाद्याचा आवाज सुरात येतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे ज्यांना नोबेल मिळाले त्या शास्त्रज्ञाने तबलजीच्या आणि तंबोरा लावणाऱ्याच्या हाताला केलेला हा नमस्कारच म्हणायचा.

इतक्या वर जायचीही गरज नाही. गावात सप्ताह असला की कीर्तनाच्या आधी मृदंगी शेजारच्या घराच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "वहिनी, जरा कणीक द्या." वहिनी भाकरी-पोळीच्या खटाटोपातून गोळाभर कणीक काढून देतात. ती मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापली जाते, चिमटीने कमी-जास्त केली जाते, आणि मग तो खर्ज घुमतो. कीर्तन संपले की कणीक खरवडून टाकायची. केजचा बोल्ट आणि वहिनींची कणीक यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही. दोन्ही गोष्टी बाजारातल्या नाहीत तर घरातल्या, तात्पुरत्या, काम झाल्यावर काढून ठेवायच्या. हलगीवाला हलगी जाळावर धरतो, तेही हेच.

फरक आहे, आणि तो झाकून चालणार नाही. जवारीचा दोरा हलवणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे हे आधीच माहीत असते. त्याच्या कानात एक आदर्श सूर वाजत असतो आणि तो सापडेपर्यंत तो थांबत नाही. पियानोत बोल्ट टाकणाऱ्याला काय निघेल हे पुरते माहीत नसते. किंबहुना ते माहीत नसणे हेच त्याला हवे असते. एकाची तयारी ओळखीच्या सुराकडे जाते, दुसऱ्याची अनोळखी आवाजाकडे. पहिल्या वाटेला आपण परंपरा म्हणतो आणि दुसऱ्या वाटेला प्रयोग. पण ज्या कुणी पहिल्यांदा घोडीवर दोरा सरकवला, त्याच्या कानात जवारीचा आदर्श कुठून असणार? त्या दिवशी तो प्रयोगच करीत होता. कदाचित घरच्यांनी त्याला वेडाही ठरवला असेल.

पेटीचे उदाहरण तर फार जुने नाही. युरोपातून आलेले हे वाद्य आपण जमिनीवर बसवले, पायाचा भाता हाताने हलवायला घेतला, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी ते गाण्याच्या अंगाने वाजवून दाखवले. तरी हिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ही तक्रार कायम होती. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीने श्रुतींची मोजदाद करून त्या बरहुकूम पेटी घडवण्याचा उद्योग केला. देवलांचे या विषयावरचे पुस्तक १९१० चे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ, १९७१ पर्यंत, टिकली. एवढ्यात घराघरांत पेटी पोचली होती आणि भजनी मंडळांनी दिल्लीला विचारले नव्हते. आता गंमत पाहा. याच हाउश्काला २०२३ मध्ये 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या युद्धपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात तीन स्वरांची एक भेसूर आरोळी पुन्हा पुन्हा येते आणि पोटात गोळा उठतो. ती आरोळी त्याने आपल्या पणजीच्या जुन्या हार्मोनियमवर वाजवली आहे. भात्याच्या आतल्या लाकडाची करकर त्याने मुद्दाम तशीच ठेवली. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीची ही जर्मन आतेबहीण. आपल्याकडच्या किती पायपेट्या भंगारात गेल्या, हा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तर माझे म्हणणे आता मांडतो. परंपरा विरुद्ध प्रयोग हे भांडण आपण फार वर्षे उगाच भांडलो. दोघांचे मूळ भांडवल एकच आहे: वाद्याच्या पोटात हात घालणारा माणूस आणि त्याचा कान. प्रयोगाने परंपरा मरत नाही. वाद्याला कुणी हात लावेनासा झाला म्हणजे ती मरते. आणि ते आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. तंबोरा लावायला वेळ लागतो म्हणून आधी विजेवरची पेटी आली, मग मोबाइलमधला तंबोरा आला. सोय आहे, नाकारत नाही. शिकणाऱ्या मुलीला रोज रियाजाला तंबोरा कोण लावून देणार? पण त्या मुलीच्या बोटांना दोरा सरकवण्याचा स्पर्श कधीच होत नाही, आणि कानाला तो उघडण्याचा क्षण कधीच भेटत नाही. घरोघरी कीबोर्ड घेतले जातात. त्यातले एक बटण दाबले की शंभर वाद्ये वाजतात, आणि मूल एकाही वाद्याचे झाकण उघडून पाहत नाही. उघडले तर आत पाहायला हिरवी पट्टीच असते, हा त्याचा दोष नव्हे.

मिरजेची गोष्ट थोडी बरी आहे. तिथे १८५० च्या सुमाराला फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिराने, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये करायला घेतली. तलवारीचे दिवस संपत आले होते, हात मात्र कामसू होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून त्यांच्या वंशजांनी गेल्या सात पिढ्यांत देशभर तंबोरे पोचवले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये वारल्यावर तिथेच त्यांना मूठमाती मिळाली. गाण्याइतकाच तंबोरा दुरुस्त करण्यात त्यांचा हात चाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर का होईना, त्या हातांची नोंद झाली.

आमच्या मराठवाड्यातल्या वाद्यांची नोंद कुठे आहे? गोंधळ्यांत दोन शाखा सांगतात: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. म्हणजे निम्मा गोंधळ आमच्या गडाच्या नावाने ओळखला जातो. लग्नानंतरचा गोंधळ एके काळी रात्र संपवी. आता पुष्कळ घरांत तो तासाभरात उरकतो, कारण हॉल रिकामा करायचा असतो. संबळाच्या जागी इलेक्ट्रॉनिक पॅड आला आहे, त्यात संबळाचा आवाज भरलेला असतो आणि तो प्रत्येक वेळी नेमका सारखा वाजतो. खरा संबळ सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरे. पावसाळ्यात तर रुसूनच बसतो.

याच गडावर ओळखीचे एक वृद्ध गोंधळी आहेत. भाचा हौशी, त्याने त्यांच्याही कानात ते जर्मन वाजवणे घातले. बाबा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटले, आता हसतील किंवा चिडतील. त्यांनी कानातले काढून विचारले, "हे तारेले काय अडकवलं हाय त्यानं?" भाच्याने बोल्टचे सांगितले. "मंग बराबर हाय," असे म्हणून त्यांनी आपले तुणतुणे उलटे करून आमच्यापुढे धरले.

तुणतुणे म्हणजे लाकडाचे एक पोकळ मापटे, तळाला चामडे, त्या चामड्याच्या मधून निघून वर वेळूच्या काठीला लावलेल्या खुंटीपर्यंत गेलेली एक तार. तार जिथे चामड्यातून बाहेर येते, तिथे ती चामडे कापू नये म्हणून खालून काही तरी टेकू द्यावा लागतो. बाबांच्या तुणतुण्याला सायकलच्या दुकानातला वायसर होता. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे भोकाचा पैसा असे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला, मधोमध गोल भोक असलेला तो तांबूस पैसा. तो पातळ आणि रुंद. त्याने तुणतुणे 'बोलते', वायसरने नुसते 'वाजते', असे त्यांचे म्हणणे. मध्यंतरी चामड्याची चकती लावून पाहिली, तर आवाज 'बसला'. एकदा दोन पैसे एकावर एक ठेवून पाहिले, तर खुळखुळा झाला. "बाप म्हने, खुळखुळा काहून करतं? पन आरतीच्या वक्ताले चांगलं वाटे ते."

एका तारेच्या वाद्यात या माणसाने आयुष्यभरात चार प्रकारची तयारी करून पाहिली होती, प्रत्येकीला शब्द दिला होता, आणि त्यातली एक वडिलांचा विरोध पत्करून आरतीपुरती वापरली होती. केजने तक्ता लिहून ठेवला, म्हणून आज जगातला कुणीही पियानोवादक ते पंचेचाळीस स्वर पुन्हा सिद्ध करू शकतो. बाबांचा तक्ता त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचा मुलगा हैदराबादेत चांगल्या नोकरीत आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मुलाने शिकून नोकरी करावी म्हणूनच बाबांनी दारोदार जोगवा मागितला. पण तक्ता कुणी तरी उतरवून घ्यायला हवा.

हे काम अवघड नाही. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याच्या एखाद्या विभागाने, नाही तर तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने, नवरात्रात गडावर येणाऱ्या गोंधळ्यांकडे एक ध्वनिमुद्रक आणि एक वही घेऊन जावे. गाणी उतरवून घेणारे पुष्कळ झाले. लोकसाहित्याच्या आपल्या संग्रहांत गाणी आहेत, कथा आहेत, विधी आहेत. वाद्य कसे सिद्ध करतात हे मात्र तिथे क्वचितच सापडते: चामडे कोणते, तार कुठली, टेकू कशाचा, पावसाळ्यात काय करायचे, दिवटीच्या धगीवर किती वेळ धरायचे. आणि नुसते लिहून भागणार नाही. भोकाचा पैसा आणि वायसर यांचे आवाज शेजारी शेजारी ध्वनिमुद्रित करून ठेवले पाहिजेत. त्या ध्वनिमुद्रणांवर उद्या एखाद्या पोराने चित्रविचित्र प्रयोग केले तर करू द्यावेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये केजचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीताबेनही तिथे काम करीत. काही वर्षांत सगळे थंडावले आणि ध्वनिफिती कपाटात पडून राहिल्या. त्या लोकांच्या कानी आल्या २०२३ मध्ये. पन्नास वर्षे का होईना, फिती कपाटात होत्या म्हणून निदान सापडल्या. आमच्या गडाकडे असे कपाटच नाही.

संस्थांना सुचेल तेव्हा सुचेल. शाळेतल्या शिक्षकांना हे उद्याही करता येईल. मी स्वतः तीस वर्षे शाळेत शिकवले आणि ध्वनीच्या धड्याला टाळीचा प्रतिध्वनी यापलीकडे गेलो नाही, ही कबुली इथे देऊन टाकतो. एक लाकडी डबा, एक तार, आणि वर्गातल्या मुलांच्या खिशातल्या वस्तू एवढ्यावर दोन तास सहज निघाले असते.

निघताना बाबांनी एक काम सांगितले. तुम्ही लोक जुन्या वस्तू जपून ठेवता, कुठे भोकाचा पैसा मिळाला तर बघा, म्हणाले. घरी आल्यावर आईचा पितळी डबा काढला. त्यात बटणे, एक तुटकी नथ, जुन्या कुलपाच्या किल्ल्या आणि तळाशी दोन पैसे निघाले. एकावरचे साल झिजले आहे, दुसऱ्यावर १९४५ स्पष्ट वाचता येते. दोन्ही चिंचेने घासून ठेवले आहेत. पौर्णिमेला गडावर जाईन तेव्हा घेऊन जातो. दोन्ही द्यावेत की एक, हे अजून ठरत नाही. दोन दिले तर म्हातारा पुन्हा खुळखुळा करील.